नदीचा आराखडा आखण्याआधी नदीवर जगणाऱ्यांची नोंद घ्या : बंदरे, जेट्ट्या आणि गाळउपसा करणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
बंदरे, जेट्ट्या, लाटारोधक भिंती, पाण्यातील पूल आणि गाळउपसा यांची कामे करणाऱ्या कंपन्यांची संचालक मंडळे
व त्यांचे शाश्वतता आणि सामाजिक दायित्व विभाग

महोदय,

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी असलेल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे समुद्रात बांधकामे करणाऱ्या कंपन्यांना विदर्भातल्या एका धिवराने पत्र का लिहावे, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर संसदेने 2016 मध्ये केलेल्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात आहे. त्या कायद्याने देशातील 111 जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर झाले आणि त्या यादीत वैनगंगा-प्राणहिता आहे, तशीच पैनगंगा-वर्धाही आहे. आज आमच्या पात्रात मालवाहू बार्ज फिरत नाही आणि होळीनंतर कित्येक ठिकाणी साधा डोंगादेखील रेतीला घासत ओढावा लागतो, हे खरे आहे. तरीही सूरजागडला लोहखनिज आहे, कोनसरीला पोलादाचा प्रकल्प आहे, वर्धेच्या खोऱ्यात कोळसा आहे आणि जलमार्गाचा कायदाही तयार आहे; अशा वेळी पात्राची खोली मोजणारे आज ना उद्या येतीलच, असे आम्ही धरून चाललो आहोत. ते येतील तेव्हा त्यांच्यामागे आपणच असाल, कारण पाण्यात खांब रोवणे, गाळ उपसणे आणि धक्के बांधणे ही विद्या या देशात आपल्यासारख्या कंपन्यांकडेच आहे. म्हणून काम निघण्यापूर्वी, मनात कुठलाही राग नसताना, काही गोष्टी लिहून ठेवाव्यात असे संस्थेच्या सभेत ठरले.

आपल्यापैकी ज्या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत आणि बाजारमूल्याने पहिल्या 1000 मध्ये येतात, त्यांना शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या मे 2021 च्या परिपत्रकानुसार 2022-23 या आर्थिक वर्षापासून व्यवसाय दायित्व आणि शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक झाले आहे. हा अहवाल नऊ तत्त्वांवर बेतलेला असून त्यातले चौथे तत्त्व हितसंबंधीयांविषयी, म्हणजे कंपनीच्या कामाशी ज्यांचा संबंध येतो किंवा ज्यांच्यावर त्याचा परिणाम होतो त्यांच्याविषयी आहे. कंपनीने आपले हितसंबंधी कोण ते ठरवावे, त्यांच्याशी कोणत्या मार्गाने, किती वेळा आणि कशासाठी संवाद साधला ते तक्त्यात मांडावे, आणि त्यांपैकी कोणता गट दुर्बल व वंचित आहे ते 'होय' किंवा 'नाही' असे नोंदवावे, अशी त्याची रचना आहे. संस्थेचा हिशेब लिहून लिहून तक्ते वाचण्याची सवय जडल्यामुळे मी असे काही अहवाल मोबाइलवर उतरवून वाचले. गुंतवणूकदार, बँका, कर्मचारी, ग्राहक, पुरवठादार आणि शासकीय यंत्रणा यांच्यानंतर बहुधा शेवटच्या ओळीत 'स्थानिक समुदाय' येतो. त्याच्याशी संवादाचे मार्ग म्हणून 'बैठका व सामाजिक उपक्रम' असे लिहिलेले असते आणि किती वेळा या रकान्यात 'गरजेनुसार' एवढेच असते. गरज कुणाची, हे मात्र लिहिलेले नसते.

आमचे म्हणणे त्या शेवटच्या ओळीपुरतेच आहे. आपल्या कामाचा पहिला आणि सर्वांत मोठा भार ज्यांच्यावर पडतो ती माणसे त्या ओळीत येतच नाहीत, कारण आपल्याकडे बाधित ठरण्यासाठी जमिनीचा कागद लागतो आणि पाण्यावर जगणाऱ्याजवळ तो नसतो. शेतकऱ्याचा सातबारा असतो, घरवाल्याचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो. धिवर, कहार, भोई यांचे डोंगे ज्या पाण्यावर चालतात त्याचा उतारा कोणत्याही तलाठ्याकडे मिळत नाही. तलाव किंवा जलाशय ठेक्याने घेतलेल्या संस्थेजवळ निदान ठेक्याचा करारनामा असतो. पण वाहत्या नदीत जाळे टाकणारा, दिवाळीनंतर पात्र उघडे पडू लागले की रेतीत खड्डे काढून डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजाची वाडी, लावणारा, पैलतीरावर मजूर पोहोचवणारा नावाडी, आणि पहाटे घाटावर मासळी घेऊन टोपलीत गावोगाव विकणारी बाई, यांच्यापैकी कुणाच्याही हाती कागदाचा तुकडा नाही. डांगरवाडी तर दर पावसाळ्यात पुसली जाते आणि पुढल्या वर्षी दुसऱ्याच वाळवंटावर उभी राहते. तिचे सर्वेक्षण जुलैत केले तर तिथे पाण्याशिवाय काहीच दिसणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही सर्वेक्षणाच्या नकाशात ही जागा 'रिक्त नदीपात्र' म्हणून जाते.

नदीचे पात्र रिकामे नसते, हे मी जरा विस्ताराने सांगतो, कारण आपल्या अभियंत्यांना ते कळले तर अर्धे भांडण मिटेल. वैनगंगा उन्हाळ्यात एकसारखी वाहत नाही. ती तुटत जाते. मध्ये खडकाळ उथळ भाग, रेतीची पसरलेली वाळवंटे आणि त्यांच्या अधूनमधून खोल डोह असे तिचे रूप होते. रोहू, कतला आणि मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. पण ती घालण्यासाठी नर-माद्या एप्रिल-मे महिने जिवंत राहाव्या लागतात आणि त्या राहतात डोहात. मरळ आणि वाम यांचेही तसेच. म्हणून कोणत्या डोहात कोणत्या महिन्यात जाळे टाकायचे नाही, याचे अलिखित नियम आमच्या वाडवडिलांनी घालून दिलेले आहेत आणि ते मोडणाऱ्याला गावात चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागतात. जलमार्गाला हवे असते नेमके याच्या उलट, म्हणजे सलग आणि सारखी खोली. उथळ भाग उपसला की वरच्या डोहाचे पाणी खाली सरकते. उपशाने उठलेला गढूळपणा प्रवाहाबरोबर खाली जाऊन बसतो आणि जिथे बसतो तिथली अंडी व किडे-शेवाळ दाबून टाकतो. काढलेला गाळ काठावर टाकला तर पहिल्या पुरात तो परत पात्रात येतो, आणि शेतात टाकला तर त्यात काय आहे हे तपासल्याशिवाय टाकता येत नाही. तळ खोल गेला की काठच्या विहिरींची आणि नळयोजनेच्या जॅकवेलची पातळी बदलते, तो प्रश्न पुन्हा वेगळाच. आपल्याकडे गाळ अडवणारे पडदे असतात, उपशाचे वेळापत्रक बदलता येते, डोह वगळून मार्ग आखता येतो. ही तंत्रे आपल्याला नवी नाहीत. अमुक डोह वगळायचा, हे मात्र आपल्याला घाटावरच्या माणसाकडूनच कळेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या घाटावर एका सल्लागार संस्थेची तरुण मुले खोली मोजण्याचे यंत्र घेऊन आली होती. मुले सभ्य होती, उन्हातान्हात राबत होती. यंत्राची तार पाण्यात सोडण्यापूर्वी त्यांनी आमच्यातल्या एका वयस्कर काकांना डोंग्यात पुढे बसवले आणि काकांनी बांबूने तळ चाचपत त्यांना खडक कुठे, कपार कुठे, पाणी कुठे अंगावर येते, सगळे दाखवून दिले. त्या दिवसाची मजुरी त्यांना मिळाली. नंतर संध्याकाळी समाजमंदिरात एक बैठक झाली, एका कागदावर सर्वांच्या सह्या आणि अंगठे घेतले गेले, चहा झाला, फोटो निघाले. त्या कामाचे पुढे काय झाले, कागद कुठे गेला, त्यावर आम्ही काय बोललो म्हणून लिहिले गेले, याचा आम्हाला आजवर पत्ता नाही. पाहणीत ज्याच्या माहितीवाचून पान हलले नाही, तो माणूस अहवालात फक्त उपस्थितांच्या संख्येत उरतो, ही आमची खरी तक्रार आहे.

पाण्यातल्या बांधकामाची किंमत काठावरच्या माणसाला कशी मोजावी लागते, हे पाहण्यासाठी आम्हाला समुद्रापर्यंत जावे लागत नाही. आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यासमोर, गोदावरीवर तेलंगणाने 85 दरवाजांचे मेडीगड्डा बॅरेज बांधले. ऑगस्ट 2016 मध्ये दोन राज्यांमध्ये करार झाला, जून 2019 मध्ये उद्‌घाटन झाले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये बॅरेजचे काही खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने पाहणी करून नियोजन, संकल्पन, गुणवत्ता नियंत्रण आणि देखभाल या सर्वच बाबतींतील उणिवांवर बोट ठेवले. देशभर चर्चा झाली ती खचलेल्या खांबांची. त्याआधीच सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची शेते बॅकवॉटरखाली जात होती आणि मोबदल्यासाठी ते उपोषणाला बसत होते, हे फारसे कुणाच्या कानी गेले नाही. बांधकाम एका राज्याचे आणि बुडीत दुसऱ्या राज्याचे, अशा ठिकाणी हितसंबंधी कोण याची यादी ठेकेदार कंपनीने प्रकल्पाच्या मालकावर सोडून दिली तर नेमके हेच होते. 'आम्ही फक्त बांधून देतो' हे उत्तर आपल्याकडून नेहमी येते. ते कायद्याच्या भाषेत टिकतही असेल, परंतु मग शाश्वततेच्या अहवालात त्याच प्रकल्पाचे छायाचित्र पानभर छापू नये.

माणसांचे ऐकले तर काय होऊ शकते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे काम वरळी कोळीवाड्याजवळ आले तेव्हा क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जाणाऱ्या होड्यांच्या वाटेत पुलाचे खांब येत होते. आराखड्यात दोन खांबांमधले अंतर 60 मीटर होते. वारा आणि प्रवाह होडीला बाजूला रेटतो आणि एवढ्या फटीतून होडी खांबावर आदळेल, असे कोळी बांधवांचे म्हणणे होते; त्यांची मागणी 160 मीटरची होती. काम अडले, आंदोलने झाली, तज्ज्ञांचे अहवाल आले आणि अखेर डिसेंबर 2022 मध्ये मधला एक खांब वगळून 120 मीटर अंतर ठेवण्याचे मान्य झाले. काम 2018 मध्येच सुरू झालेले होते, म्हणजे जी गोष्ट कागदावर पेन्सिलने खोडता आली असती तिच्यासाठी चार वर्षे आणि वाढीव खर्च लागला. मला यात दोन्ही बाजूंचा धडा दिसतो. आराखडा बदलता येत नाही, असे अभियंते जेव्हा सांगतात तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा तो आता बदलणे महाग पडेल एवढाच असतो; आणि होडी वाऱ्यात कशी वळते हे रोज होडी चालवणाऱ्याला जितके ठाऊक असते तितके संगणकावरच्या नकाशाला नसते.

वरळीच्या कोळ्यांजवळ निदान भांडायला एक चौकट होती. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना समुद्राला आणि भरती-ओहोटीच्या पाण्याला लागू होते. तिच्या आधारे त्यांना न्यायालयात जाता आले, आणि जुलै 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या मार्गाची परवानगी रद्दही केली होती, जिला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. वैनगंगेला भरती येत नाही, त्यामुळे ती चौकट आम्हाला नाही. आमच्यासाठी उरते 2006 ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना, आणि तीही सर्व कामांना जनसुनावणी सक्तीची करत नाही. जिथे सुनावणी होते तिथे किमान 30 दिवसांची सूचना, स्थानिक भाषेत अहवालाचा सारांश आणि सुनावणीत उठलेल्या मुद्द्यांची अंतिम अहवालात दखल, इतके नियमात आहे. नियम पाळूनही सुनावणी निष्फळ कशी करता येते, हे मात्र आमच्या भागात राहिल्याशिवाय समजायचे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते आणि बांधीत उतरलेली बाई अकरा वाजताच्या सभेला तालुक्याला येऊ शकत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी तर जातेच, पण टोळीतली जागाही जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले असतात, मे महिन्यात तेंदूपाने. दिवाळीनंतर मिरची तोडायला माणसे तेलंगणात जातात. सुनावणीची तारीख यांपैकी एखाद्या हंगामात पडली की समोर उरतात ते पुढारी, ठेकेदार आणि नोकरीच्या आशेने आलेली पोरे. इतिवृत्तात विरोध नोंदला जात नाही आणि सगळ्यांना वाटते की सर्व सुरळीत पार पडले.

आमच्याजवळ कायद्याचा आधार अगदीच नाही असे मात्र नाही, आणि तो आपल्या कायदा विभागाने आमच्या आधी वाचावा अशी अपेक्षा आहे. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3 मध्ये जलसाठ्यांतील मासे व इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत नमूद आहे. गडचिरोली हा तो जिल्हा आहे जिथल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. जिल्ह्याच्या अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा लागू आहे. त्यानुसार रेतीसारख्या गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी ग्रामसभा किंवा पंचायतीची शिफारस आधी लागते. गाळउपसा करताना निघणारी रेती ही गाळ म्हणून जाते की गौण खनिज म्हणून, हा प्रश्न उद्या आपल्याला कुणीतरी विचारणारच आहे. तो ग्रामसभेने विचारण्यापूर्वी आपणच ग्रामसभेत येऊन सांगितलेला बरा. रेतीघाटांचे लिलाव आणि रात्रीचे टिप्पर यांनी आधीच गावागावांत इतका संशय पेरून ठेवला आहे की नदीत यंत्र दिसले की लोकांना पहिल्यांदा रेतीचीच शंका येते.

आता तक्रारींविषयी. त्याच शाश्वतता अहवालात वर्षभरात कोणत्या गटाकडून किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, याचा तक्ता द्यावा लागतो, आणि त्यात समुदायासाठी एक ओळ असते. मी पाहिलेल्या अहवालांत त्या ओळीत अनेकदा शून्य होते. शून्य तक्रारी म्हणजे शून्य त्रास, असे समजून गुंतवणूकदार पुढचे पान उलटत असतील. तक्रारीसाठी दिलेला पत्ता मात्र ई-मेलचा असतो किंवा इंग्रजी संकेतस्थळावरचा अर्ज असतो. आमच्या घाटावर मोबाइलला नेटवर्क लागावे म्हणून मंदिराच्या पायऱ्यांवर चढावे लागते. बार्जच्या लाटेने जाळे तुटले तर ते सात हजारांचे आहे की दहा हजारांचे, हे पाहायला कुणी येणार का, किती दिवसांत येणार आणि निर्णय कोण देणार, एवढे तीन प्रश्न धिवराच्या मनात असतात. त्यांचे उत्तर देणारा, धनादेशावर सही करण्याचा अधिकार असलेला एक माणूस घाटावर ठराविक वारी बसला, तर त्या ओळीतले शून्य जाईल आणि तिथे काही तरी खरा आकडा येईल. तो आकडा पाहून आपली पत घटेल असे मला वाटत नाही. उलट, तक्रार आली आणि ती मिटली हे ज्या अहवालात दिसते त्यावरच माझा तरी अधिक विश्वास बसेल.

दुसरी अडचण पोटठेकेदारीची आहे. करार आपल्या कंपनीचा, गाळउपशाचे यंत्र दुसऱ्याचे, मजूर तिसऱ्याचे आणि गाळ वाहणारे टिप्पर गावातल्याच एखाद्या पुढाऱ्याचे, अशी साखळी असते. मुख्य कंपनीने सभेत दिलेला शब्द चौथ्या माणसापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी त्याला तो पाळण्याचे काही कारण नसते. म्हणून आमची मागणी आहे की डोह वगळणे, माशांच्या विणीच्या महिन्यांत उपसा बंद ठेवणे, जाळ्यांची भरपाई आणि गाळ टाकण्याच्या जागा या बाबी निविदेच्या आणि पोटकराराच्या अटींत दंडासह लिहिल्या जाव्यात. सदिच्छेच्या परिच्छेदात त्या लिहून आम्हाला काहीही उपयोग नाही.

सामाजिक दायित्वाच्या निधीबद्दल थोडक्यात सांगतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करताना कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचे असते, आणि त्यातून शाळेला दप्तरे व गावाला पाणी शुद्धीकरण यंत्र मिळते. ते चांगलेच आहे. मात्र दप्तरे वाटली म्हणून डोहाचा प्रश्न सुटला असे होत नाही, आणि दोन्हींची नोंद एकाच प्रकरणात, एकाच रंगीत छायाचित्राखाली करू नये.

त्यापेक्षा आपल्या हातात असलेली विद्या आम्हाला कशी उपयोगी पडेल ते पाहा. वैनगंगेवरच्या चिचडोह बॅरेजचे दरवाजे पावसाळ्यानंतर बंद झाले की आमच्या बाजूला पाणी साठते आणि पूर्वी जिथून उन्हाळ्यात चालत जाता येई तिथून आता नावेनेच जावे लागते. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडणीसाठी नदी ओलांडणाऱ्या महिलांची नाव उलटली आणि त्यांतल्या अनेक जणी परत आल्या नाहीत. त्या नावेवर जीवरक्षक जाकिटे नव्हती. चढ-उतारासाठी धक्का नव्हता. चिखलातून चढायचे आणि चिखलातच उतरायचे, अशीच आमच्याकडची बहुतेक घाटांची रीत आहे. पाण्याची पातळी वर-खाली झाली तरी तरंगत राहणारी छोटी जेट्टी, जी आपण शहरातल्या पर्यटकांसाठी बांधता, ती आमच्या मजूर बायांसाठी दोन-चार घाटांवर बसवणे आपल्या दृष्टीने क्षुल्लक काम आहे. आम्ही पाण्यातल्या बांधकामाच्या विरोधात आहोत, असा समज कुणी करून घेऊ नये. कोणते बांधकाम आधी व्हावे, याविषयी आमचे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे, इतकेच.

हे मत एखाद्या आडगावच्या सचिवाचे आहे म्हणून बाजूला ठेवायचे असेल, तर आपल्याच क्षेत्रातल्या पायांक या जलवाहतूक पायाभूत सुविधांच्या जागतिक संघटनेची 2008 मधील भूमिका वाचावी. निसर्गासोबत काम करण्याविषयीच्या त्या भूमिकेत पायऱ्यांचा क्रम दिलेला आहे. आधी प्रकल्पाची गरज आणि उद्दिष्ट ठरवावे, मग तिथला निसर्ग समजून घ्यावा, मग हितसंबंधीयांशी बोलून दोघांच्याही फायद्याचे काही निघते का ते पाहावे, आणि त्यानंतरच आराखड्याला हात घालावा, असा तो क्रम आहे. आमच्याकडे तो उलटा चालतो. आराखडा पक्का होऊन येतो, त्यावर सल्लामसलत होते आणि निसर्ग काय होता हे काम संपल्यावर कळते. हा क्रम सुलटा करण्यासाठी नवा कायदा लागत नाही की शासनाची परवानगी लागत नाही; आपल्या संचालक मंडळाच्या एका ठरावाने ते होऊ शकते.

तेव्हा वैनगंगेत, प्राणहितेत, वर्धेत किंवा पैनगंगेत आपले कोणतेही काम प्रस्तावित असेल, तर पहिल्या पाहणीची नाव पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरच्या गावांत पाण्यावर जगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंदवही तयार व्हावी आणि तिच्यात सातबाऱ्याची अट नसावी. नोंद ग्रामसभेसमोर वाचून दाखवावी, म्हणजे खोटी नावे घुसणार नाहीत आणि खरी गळणार नाहीत. डोहांचा, डांगरवाड्यांचा आणि नदी ओलांडण्याच्या उतारांचा नकाशा आमच्या माणसांना सोबत घेऊन दोन वेगवेगळ्या हंगामांत करावा, त्यांना सल्लागाराच्या दराने मानधन द्यावे आणि त्या नकाशाची मराठी प्रत ग्रामपंचायतीत राहू द्यावी. सभेत काय मागितले गेले, त्यांपैकी काय मान्य झाले आणि जे नाकारले ते कोणत्या कारणाने, हे लेखी आणि मराठीत परत यावे. नकार आला तरी चालेल, पण तो आला पाहिजे.

भेटीसाठी योग्य काळ रोवणी आटोपल्यानंतरचा, पोळ्यापासून धान कापणीला येईपर्यंतचा आहे. त्या वेळी माणसे गावात असतात. सभा तालुक्याच्या सभागृहात न ठेवता घाटावर, संध्याकाळी चार वाजल्यानंतर ठेवावी, कारण सकाळची मासळी विकून बाया तोवर परतलेल्या असतात आणि त्यांच्याशिवाय झालेली सभा आम्ही अपूर्ण समजतो. आपल्याकडून संकल्पन करणारा अभियंता यावा. जनसंपर्क अधिकारी आले तर त्यांचेही स्वागत आहे. आठ दिवस आधी कळवल्यास संस्था बसण्याची आणि डोंग्यांची व्यवस्था करील. सोबत पक्का झालेला आराखडा आणू नये, कोरा नकाशा आणावा.

आपला,
सचिव,
मच्छीमार सहकारी संस्था,
वैनगंगा काठ, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली